विश्लेषण : पाठ्यपुस्तक नाही, एकच बरोबर उत्तर नाही, मग आर्किटेक्चरच्या ‘स्टुडिओ’त शिकवतात तरी काय?

बारावीचा निकाल लागला की इंजिनीअरिंग आणि मेडिकलच्या जोडीने आर्किटेक्चर, इंटिरिअर आणि ‘स्पेशियल डिझाइन’ या अभ्यासक्रमांचीही चौकशी सुरू होते. ‘चित्रकला चांगली आहे ना, मग आर्किटेक्चर कर’ हा सल्ला तर घरोघरी मिळतो. प्रवेश झाल्यावर मात्र महिन्याभरात घरचे चक्रावतात. मुलगी रात्री दोनपर्यंत पुठ्ठा कापत बसलेली असते. कालच पूर्ण केलेला नकाशा आज केराच्या टोपलीत गेलेला असतो. ‘अभ्यास झाला का?’ असे विचारले तर ‘अजून डिझाइन सुटत नाहीये’ असे उत्तर येते. आणि पुस्तक दाखव म्हटले, तर या मुख्य विषयाला दाखवण्यासारखे पुस्तकच नसते.

जागेची रचना शिकवणाऱ्या जवळपास सर्व अभ्यासक्रमांचा गाभा म्हणजे ‘डिझाइन स्टुडिओ’. तो नेमका कसा चालतो, त्यातून विद्यार्थी काय शिकतो, त्यावर टीका का होते आणि प्रवेश घेण्यापूर्वी त्यात काय पाहावे, याचा हा आढावा.

स्टुडिओ हा वर्ग आहे की विषय?

दोन्ही. स्टुडिओ म्हणजे मोठ्या टेबलांची खोली आणि त्या खोलीत शिकवला जाणारा, वेळापत्रकात सर्वाधिक तास घेणारा विषयही. वेळापत्रकात तो ‘आर्किटेक्चरल डिझाइन’, ‘इंटिरिअर डिझाइन’ अशा नावांनी असतो. विद्यार्थ्यांच्या तोंडी मात्र नुसते ‘डिझाइन’ किंवा ‘एडी’.

बी.आर्क. हा पाच वर्षांचा, म्हणजे दहा सत्रांचा अभ्यासक्रम आहे. त्यात एखाद्या कार्यालयात प्रत्यक्ष काम शिकण्याचा काळ असतो आणि शेवटी प्रबंध प्रकल्प, म्हणजे ‘थिसिस’. उरलेल्या बहुतेक प्रत्येक सत्रात स्टुडिओ असतोच. पहिल्या वर्षी एखादी खोली किंवा बसथांबा, दुसऱ्या वर्षी घर किंवा बालवाडी, पुढे शाळा, रुग्णालय, गृहसंकुल आणि शेवटी शहराचा एखादा भाग, अशी चढती भाजणी असते. बांधकामशास्त्र, स्ट्रक्चर, हवामान, इतिहास हे विषय स्वतंत्रपणे शिकवले जातात. पण ते सगळे एकत्र वापरायची जागा स्टुडिओच.

इंटिरिअर डिझाइनमध्ये आणि अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतील (एनआयडी) प्रदर्शन रचनेसारख्या विषयांतही हीच पद्धत आहे. फरक एवढाच, की तिथे इमारतीऐवजी दुकान, संग्रहालयाचे दालन किंवा प्रदर्शनाचा मांडव हा प्रकल्प असतो.

ही पद्धत आली कुठून?

तिचे एक मूळ पॅरिसमध्ये आहे. एकोणिसाव्या शतकात तिथल्या ‘एकोल दे बोझार’ या कलासंस्थेत विद्यार्थी एखाद्या अनुभवी वास्तुविशारदाच्या कार्यशाळेत, म्हणजे ‘अतेलिए’त, शिकत. ज्येष्ठ विद्यार्थी धाकट्यांना मदत करीत आणि रेखाटनांचा निवाडा परीक्षक मंडळ करी. मुदत संपली की रेखाटने हातगाडीवरून नेली जात. या गाडीला फ्रेंचमध्ये ‘शारेत’ म्हणतात. मुदतीपूर्वीच्या शेवटच्या धावपळीला जगभरातल्या डिझाइन शाळांत आजही ‘शारेत’ म्हणतात, ते त्यावरूनच.

दुसरे मूळ जर्मनीतले. १९१९ मध्ये वाल्टर ग्रोपिअस यांनी वायमार इथे ‘बाउहाउस’ सुरू केले. तिथे विद्यार्थ्याला आधी पायाभूत अभ्यासक्रमात लाकूड, काच, कापड, रंग, पोत यांच्याशी हाताने खेळायला लावत आणि मग कार्यशाळेत पाठवत. ही संस्था १९३३ मध्ये बंद पडली. पण आज पहिल्या वर्षाच्या मुलांना कागदाला घड्या घालून वजन पेलणारा आकार करायला सांगतात, त्यामागे हीच परंपरा आहे.

भारतात या शिक्षणाचे जुने केंद्र मुंबईचे. १८५७ मध्ये सुरू झालेल्या सर जे. जे. कलाशाळेतून पुढे आर्किटेक्चरचे स्वतंत्र महाविद्यालय उभे राहिले. पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण दोशी याच जे. जे.मध्ये शिकले. पुढे त्यांनी पॅरिसमध्ये ल कॉर्बुझिए यांच्या कार्यालयात काम केले आणि १९६२ मध्ये अहमदाबादेत आर्किटेक्चरची शाळा सुरू केली. तीच आजचे सेप्ट विद्यापीठ. २०१८ मध्ये प्रित्झकर पारितोषिक मिळवणारे दोशी हे पहिले भारतीय. तिथली त्यांनी आखलेली इमारत विटा आणि काँक्रीटची, मोकळीढाकळी आहे. एका स्टुडिओत काय चालले आहे ते दुसऱ्या स्टुडिओतून दिसावे आणि जाता-येता शिकणे व्हावे, हा त्यामागचा विचार.

प्रत्यक्ष प्रकल्प कसा पुढे सरकतो?

एक उदाहरण घेऊ. समजा, दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना तालुक्याच्या गावातील बाजारपेठेत ६० आसनांची अभ्यासिका आखायला सांगितली. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले बसतात, तशी. भूखंड १२ मीटर रुंद आणि १८ मीटर खोल. दोन्ही बाजूंना भिंतीला भिंत लागून दुकाने. पुढे आणि मागे तीन-तीन मीटर जागा मोकळी सोडायची. म्हणजे बांधायला उरली १२ बाय १२, अर्थात १४४ चौरस मीटर.

पहिला हिशेब सोपा वाटतो. टेबल, खुर्ची आणि ये-जा करायची वाट धरून एका वाचकामागे साधारण २.३ चौरस मीटर जागा लागते. ६० जणांचे झाले १३८. ‘बसले!’ म्हणून विद्यार्थी खूश होतो. मग मार्गदर्शक विचारतात, भिंतींची जाडी कुठे आहे? स्वच्छतागृह? चपला, बॅगा, डबा खायची जागा? सगळे टाकल्यावर एका मजल्यात काही मावत नाही. दुसरा मजला घ्यावा लागतो.

दुसरा मजला आला की जिना आला. राष्ट्रीय बांधकाम संहितेनुसार शैक्षणिक इमारतीत पायरी किमान ३०० मिलिमीटर रुंद आणि जास्तीत जास्त १५० मिलिमीटर उंच हवी. मजल्याची उंची ३.३ मीटर धरली तर २२ चढ होतात. दोन टप्प्यांत वळणारा, दोघे शेजारून जातील एवढा जिना आणि मधले चौथरे धरले की प्रत्येक मजल्यावर १५ ते १८ चौरस मीटर जागा जाते. म्हणजे सहा-सात जणांची आसने जिन्याने गिळली.

तिसरी अडचण दारातच. पावसाचे पाणी आत येऊ नये म्हणून जोते ६०० मिलिमीटर उंच घेतले. व्हीलचेअरसाठीच्या उताराचे प्रचलित प्रमाण १ : १२. म्हणजे ६०० मिलिमीटर चढायला ७.२ मीटर लांबीचा उतार हवा. पुढची मोकळी जागा तर तीनच मीटर खोल. उतार आडवा घ्यावा, की जोते ४५० मिलिमीटरवर आणून उतार ५.४ मीटर करावा? जोते खाली घेतले तर जुलैत रस्त्यावरचे पाणी कुठवर येते, हे शेजारच्या दुकानदाराला विचारून यावे लागते. वरच्या मजल्यावर व्हीलचेअर जाणार नसेल, तर खालच्या मजल्यावर पुरेशी आसने ठेवावी लागतात. ती ठेवली की डब्याची जागा पुन्हा हलते.

चौथी अडचण उजेडाची. खिडकीची वरची कड जमिनीपासून जेवढी उंच, तिच्या साधारण दोन ते अडीच पट अंतरापर्यंत वाचण्याजोगा उजेड आत पोहोचतो, असा एक ढोबळ नियम आहे. कड २.१ मीटरवर असेल तर चार-पाच मीटर. इमारत १२ मीटर खोल, बाजूंना खिडक्या नाहीत. पुढून पाच, मागून पाच; मधला दोन-तीन मीटरचा पट्टा अंधारात.

इथे वर्गातल्या वाटा फुटतात. एक विद्यार्थिनी जिना, स्वच्छतागृहे आणि लॉकर त्या अंधाऱ्या पट्ट्यात टाकते. वाचायला उजेड लागतो, लॉकरला नाही. दुसरा विद्यार्थी तिथे जुन्या वाड्यासारखा चौक काढतो. त्याला उजेड आणि वारा मिळतो, पण जागा जाते आणि पावसाचे पाणी कुठून काढायचे हा नवा प्रश्न येतो. दोन्ही उत्तरे बरोबर असू शकतात. आपण काय मिळवले आणि त्यासाठी काय गमावले, याचा हिशेब ज्याला देता येतो, त्याचे उत्तर जास्त बरोबर.

मग माणसे कुठे आली?

‘साइट व्हिजिट’मध्ये. अभ्यासिकेचा प्रकल्प असेल तर विद्यार्थ्यांना गावातल्या चालू अभ्यासिकेत दिवसभर बसवतात. तिथे जे दिसते ते कुठल्याही कोष्टकात नसते. फोन आला की मुले जिन्यात येतात. दुपारी टेबलावर डोके ठेवून झोपतात. भिंतीकडची आणि कोपऱ्यातली जागा आधी भरते. रात्री उशिरापर्यंत बसायचे की आठलाच उठायचे, हे मुलींच्या बाबतीत पुस्तकावर नाही, तर बाहेरच्या गल्लीतल्या दिव्यावर ठरते.

या निरीक्षणांचे नकाशात रूपांतर करणे हा स्टुडिओचा खरा धडा. फोन जिन्यातच घेतला जाणार असेल, तर जिन्याचा चौथरा थोडा रुंद करून तिथे खिडकी द्यायची आणि आवाज आत जाऊ नये म्हणून वाचनकक्षाला दार लावायचे. मुलींना उशिरा निघता यावे, तर प्रवेशद्वार गल्लीच्या बोळात न ठेवता रस्त्यावरून दिसेल असे ठेवायचे.

इंजिनीअरिंगच्या पेपरात ‘दिलेल्या बाबी’ प्रश्नातच असतात. स्टुडिओत काय दिलेले धरायचे, हे विद्यार्थ्याला शोधून आणावे लागते. नकाशा पुन:पुन्हा फाटतो तो यामुळे. एक गोष्ट हलवली की पाच हलतात.

शिकवणारा नेमके काय करतो?

फळ्यावर फारसे काही लिहीत नाही. मार्गदर्शक टेबलाटेबलावर जाऊन १५-२० मिनिटे प्रत्येकाच्या कामावर बोलतात. याला ‘डेस्क क्रिट’ म्हणतात. विद्यार्थ्याच्या नकाशावर बटर पेपर पसरून ते पेन्सिलीने काढत काढत बोलतात. ‘हा जिना इकडे घेतला तर काय होईल?’ असे म्हणत रेष ओढतात, लगेच तिचे परिणाम दाखवतात आणि तो कागद तिथेच सोडून पुढच्या टेबलाकडे जातात.

अमेरिकी अभ्यासक डोनाल्ड शॉन यांनी १९८३ मधील ‘द रिफ्लेक्टिव्ह प्रॅक्टिशनर’ या पुस्तकात अशाच एका संवादाचा बारकाईने अभ्यास केला. त्यातली विद्यार्थिनी उतारावर प्राथमिक शाळा आखत असते आणि इमारतीचा आकार काही केल्या जमिनीला जुळत नसतो. मार्गदर्शक व्याख्यान देत नाहीत. ते तिच्या कागदावर एक शिस्त गृहीत धरतात, ती उतारावर बसवून पाहतात, त्यातून वर्गांच्या मधे तयार होणाऱ्या जागा दाखवतात आणि नको असेल तर ही शिस्त नंतर मोडताही येईल, असे सुचवतात. करता करता विचार करण्याच्या या कौशल्याला शॉन यांनी नाव दिले. डॉक्टर, वकील, इंजिनीअर अशा सर्वच व्यवसायांच्या शिक्षणाने हे स्टुडिओकडून शिकावे, असा त्यांचा आग्रह होता.

याचा साधा अर्थ असा, की हे शिक्षण शिक्षकाच्या वेळेवर चालते. एका मार्गदर्शकाकडे दहा विद्यार्थी असतील तर प्रत्येकाच्या टेबलावर पुरेसे बोलणे होते. तीस असतील तर ‘ठीक आहे, पुढे कर’ एवढेच होते. इमारत चकचकीत आणि संगणक नवे असले तरी हे भरून निघत नाही.

ज्युरी म्हणजे काय आणि तिची धास्ती का?

सत्राच्या मधे आणि शेवटी विद्यार्थी आपल्या शीट भिंतीवर लावतो, मॉडेल ठेवतो आणि बाहेरून आलेल्या वास्तुविशारदांसमोर दहा-पंधरा मिनिटांत काम समजावून सांगतो. ही ज्युरी. वर्गमित्र भोवती उभे असतात. शंका, आक्षेप, कधी कौतुक, सगळे त्यांच्यादेखत होते.

नीट चालवलेली ज्युरी फार शिकवून जाते. दुसऱ्याच्या प्रकल्पावरची टीका ऐकून आपली चूक सापडते. नगरसेवक, ग्राहक किंवा सोसायटीच्या बैठकीत आपली बाजू मांडण्याचा सरावही होतो. पण हीच ज्युरी अपमानाचीही जागा होऊ शकते. ‘हे काय केलंयस?’ एवढे बोलून पुढे जाणारा परीक्षक विद्यार्थ्याला काहीच देत नाही. अमेरिकेतील प्राध्यापक कॅथरीन अँथनी यांनी १९९१ मध्ये ‘डिझाइन ज्युरीज ऑन ट्रायल’ हे पुस्तक लिहून या पद्धतीलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. निकष आधी सांगितलेले नसणे, दमलेल्या विद्यार्थ्यांवर घाव घालणे आणि बचावाच्या पवित्र्यात शिकणेच थांबणे, हे त्यातले मुख्य आक्षेप.

जागरणे हा दुसरा मुद्दा. ‘रात्र रात्र जागला नाहीस तर कसला आर्किटेक्ट?’ ही फुशारकी आपल्याकडेही नवी नाही. अमेरिकेत सलग जागरणांनंतर एका विद्यार्थ्याचा वाहन अपघातात मृत्यू झाल्यावर तिथल्या आर्किटेक्चर विद्यार्थ्यांच्या राष्ट्रीय संघटनेने स्टुडिओ संस्कृतीचा आढावा घेणारा गट नेमला. त्याचा अहवाल २००२ मध्ये आला. त्यानंतर तिथल्या अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या मंडळाने प्रत्येक संस्थेकडे स्टुडिओ संस्कृतीचे लेखी धोरण मागायला सुरुवात केली.

जागरणाचे कारण नेहमी कामाचा बोजाच असते असेही नाही. निर्णय लांबवण्याची सवय हे त्याहून मोठे कारण. ‘अजून चांगली कल्पना सुचेल’ म्हणत बाराव्या आठवड्यापर्यंत मूळ आराखडाच बदलत राहिला, तर शेवटच्या तीन दिवसांत सगळ्या शीट काढाव्या लागतात. त्यामुळे चांगले मार्गदर्शक ठरावीक आठवड्याला ‘आता आराखडा बदलायचा नाही’ अशी रेघ मारतात. वेळेत थांबणे हाही शिकण्याचा भाग.

या शिक्षणाचा न दिसणारा खर्च कोणता?

फी प्रवेशाच्या वेळी कळते. बाकीचा खर्च हप्त्याहप्त्याने कळतो. जड सॉफ्टवेअर पेलणारा लॅपटॉप, मोठ्या आकाराच्या रंगीत प्रिंट, सनबोर्ड, माउंट बोर्ड, कटरची पाती, अभ्यास सहली. मोठ्या प्रिंटचा खर्च प्रत्येक ज्युरीला नव्याने येतो. काही शिक्षक म्हणूनच मधल्या ज्युरीला हाताने काढलेली शीट आणि जुन्या खोक्यांच्या पुठ्ठ्याचे मॉडेल स्वीकारतात. शिकण्याच्या दृष्टीने त्यात काही कमी पडत नाही. उलट महाग मॉडेल मोडवत नाही आणि मोडल्याशिवाय डिझाइन पुढे जात नाही.

दुसरा अडसर भाषेचा. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना जागा कळते, हात चालतो, पण ज्युरीत इंग्रजीतून बोलायचे म्हटले की शब्द अडतात. तेव्हा जो सफाईने बोलतो त्याचे डिझाइन चांगले, असा समज होण्याचा धोका असतो. वास्तविक नकाशा, छेद आणि मॉडेल हीच या विषयाची भाषा. छेदात जिना कपाळाला लागत असेल तर कितीही सुंदर इंग्रजीने तो वर उचलला जात नाही. मराठीतून बोलू देणारा मार्गदर्शक भेटला तर पहिल्या वर्षाची भीती बरीच कमी होते.

कागदावरची इमारत कधी उभी राहते का?

बहुतेक वेळा नाही, आणि ही स्टुडिओची मोठी मर्यादा आहे. नकाशात पाणी गळत नाही, कंत्राटदार पळून जात नाही, पैसे संपत नाहीत. म्हणून काही विद्यापीठांनी प्रत्यक्ष बांधकामाचे स्टुडिओ सुरू केले. अमेरिकेतील येल विद्यापीठात १९६७ पासून आर्किटेक्चरच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचे पहिल्या वर्षाचे विद्यार्थी एक छोटी इमारत आखून बांधतातही. अलाबामा राज्यातल्या गरीब हेल काउंटीत ऑबर्न विद्यापीठाचा ‘रूरल स्टुडिओ’ १९९३ मध्ये सॅम्युअल मॉकबी आणि डी. के. रूथ यांनी सुरू केला. विद्यार्थी तिथेच राहतात, गावकऱ्यांशी बोलतात आणि घरे, सार्वजनिक इमारती बांधतात. वीस हजार डॉलरमध्ये बांधता येईल अशा नेटक्या घराचा त्यांचा प्रकल्प २००५ मध्ये सुरू झाला. घर ‘वेगळे’ दिसण्यापेक्षा त्याचा हप्ता आणि वीजबिल राहणाऱ्याला झेपले पाहिजे, ही त्यातली कसोटी.

आपल्याकडे याला जवळचा प्रकार म्हणजे मोजणी आणि दस्तावेजीकरणाची कामे. विद्यार्थी टेप घेऊन जुना वाडा, मंदिर, घाट किंवा सबंध वस्ती मोजतात आणि तिचे नकाशे काढतात. आर्किटेक्चर विद्यार्थ्यांची राष्ट्रीय संघटना ‘नासा इंडिया’ वारसा वास्तूंच्या अशा दस्तावेजीकरणासाठी लुई कान यांच्या नावाने दरवर्षी स्पर्धा घेते. वाड्याच्या ओसरीची उंची स्वतःच्या हाताने मोजली की ती तेवढीच का ठेवली, हे बसून पाहिल्यावर कळते.

एआयने चित्र काढले तर स्टुडिओ कशाला?

चार ओळी लिहिल्या की मिनिटभरात इमारतीचे देखणे चित्र तयार करणारी साधने आता मोबाइलवरही आहेत. ज्युरीला लागणारे चकचकीत चित्र बनवण्याचे श्रम त्यामुळे कमी होतील, यात शंका नाही. पण वरच्या अभ्यासिकेकडे पुन्हा पाहा. चित्रात उतार किती लांबीचा आहे, हे साधन सांगत नाही. जुलैत पाणी कुठवर येते, हे त्याला माहीत नसते. मधला पट्टा अंधारा आहे, हे चित्रातल्या सोनेरी उजेडात लपून जाते.

त्यामुळे स्टुडिओच्या मूल्यमापनात बदल अपेक्षित आहे. शेवटच्या चित्रापेक्षा मधले कागद, म्हणजे कोणते पर्याय काढले, कोणते टाकले आणि का टाकले, याला जास्त गुण द्यावे लागतील. बरेच शिक्षक आधीपासूनच ‘प्रोसेस’ वही मागतात. तिचे महत्त्व वाढेल.

पदवीनंतर काय?

भारतात ‘आर्किटेक्ट’ ही उपाधी १९७२ च्या वास्तुविशारद कायद्याने संरक्षित आहे. मान्यताप्राप्त पदवी घेऊन ‘कौन्सिल ऑफ आर्किटेक्चर’कडे नोंदणी केल्यावरच ती लावता येते. या कायद्याने उपाधीला संरक्षण दिले आहे, संबंधित कामे करण्यावर सरसकट बंदी घातलेली नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये दिला. इंटिरिअर आणि स्पेशियल डिझाइनसाठी अशी कायदेशीर नोंदणी नाही. तिथे पोर्टफोलिओच बोलतो आणि पोर्टफोलिओ म्हणजे स्टुडिओतल्या प्रकल्पांचाच संच.

दोन्ही वाटांचे प्रवेश वेगळे आहेत. बी.आर्क.साठी ‘नाटा’ किंवा जेईई मेनचा आर्किटेक्चरचा पेपर. डिझाइनच्या पदवीसाठी एनआयडीची स्वतःची परीक्षा किंवा आयआयटी मुंबई घेत असलेली ‘यूसीड’. पात्रतेचे नियम बदलत असतात, त्यामुळे अर्ज भरण्यापूर्वी त्या वर्षीची माहितीपुस्तिका पाहणे आवश्यक.

प्रवेशापूर्वी कॉलेजात काय पाहावे?

बहुतेक पालक इमारत, फी आणि प्लेसमेंट पाहतात. पाच वर्षे मुलगा-मुलगी जिथे बसणार, तो स्टुडिओ मात्र क्वचितच पाहिला जातो. पुढील गोष्टी अर्ध्या तासात कळतात.

• दुपारी दोनच्या सुमारास स्टुडिओत जा. टेबलांवर काम आणि बाजूला बसलेले शिक्षक दिसतात, की खोली रिकामी आहे?

• एका मार्गदर्शकाकडे किती विद्यार्थी आणि आठवड्यातून किती वेळा टेबलावर चर्चा होते, हे शिक्षकांना नव्हे, तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना विचारा.

• भिंतीवरची कामे पाहा. सगळे प्रकल्प एकसारखे दिसत असतील तर तिथे एकाच्याच आवडीचे चालते.

• शीटवर फक्त रंगीत चित्रे आहेत, की मापे असलेले नकाशे आणि छेदही आहेत?

• बाहेरून कोण शिकवायला येते? प्रत्यक्ष काम करणारे वास्तुविशारद, स्ट्रक्चरल इंजिनीअर नियमित येतात का?

• ज्युरीचे निकष आधी लेखी मिळतात का? रात्री कॅम्पस किती वाजता बंद होतो?

• पाच वर्षांत साहित्य आणि सहलींवर साधारण किती खर्च झाला, हे शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्याला विचारा.

• मुलाने प्रवेशापूर्वी एक प्रयोग करून पाहावा. राहत्या घरातली एक खोली टेपने मोजून १ : ५० या प्रमाणात कागदावर काढावी, म्हणजे एक मीटरला दोन सेंटिमीटर. मग आजीला रात्री दिवा न लावता स्वच्छतागृहापर्यंत जाता येईल, अशा रीतीने त्यातले सामान पुन्हा मांडून पाहावे. तीन-चार वेळा खोडूनही कंटाळा आला नाही, तर चित्रकलेत कितीही गुण असोत, हा विषय झेपण्याची शक्यता बरीच आहे.

• शक्य असेल तर ज्युरीच्या दिवशी भेट द्या. बऱ्याच कॉलेजांत पाहुण्यांना मागे उभे राहून ऐकू देतात. परवानगी आधी कार्यालयात विचारावी.